खाटेपासून मोरीपर्यंत

गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून सह्याद्रीत हिंडणाऱ्या आमच्या स्तंभलेखकाला वाचकांनी विचारलेले प्रश्न.

प्रश्न : माझा भाचा २२ वर्षांचा आहे. सात महिन्यांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून आणलाय, पण तो घालत नाही. कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. त्याला उभारी यावी म्हणून आम्ही सगळे अरुणिमा सिन्हांची भाषणं पाठवतो. परवा त्याने मोबाइल भिरकावला आणि म्हणाला, "आत्या, मला एव्हरेस्ट नको. मला मोरीत एकट्याला जाता यायला हवं." आता काय करावं? (कराडहून एक आत्या)

उत्तर : ताई, त्याला काय हवं ते पोराने तुम्हाला स्पष्ट सांगितलंय. त्याला आधी मोरीपर्यंत जाऊ द्या.

तुम्ही पाठवता ती भाषणं खोटी नाहीत. अरुणिमा राष्ट्रीय पातळीवरची व्हॉलीबॉलपटू. एप्रिल २०११ मध्ये, गळ्यातली साखळी ओढणाऱ्या चोरांनी तिला बरेलीजवळ धावत्या गाडीतून खाली टाकलं, डावा पाय गेला. २१ मे २०१३ ला ती एव्हरेस्टच्या माथ्यावर होती. पाय कापलेली, तिथे पोचलेली जगातली पहिली स्त्री. पण आपण तिच्या भाषणातला माथाच तेवढा ऐकतो. एव्हरेस्ट चढलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल यांच्याकडे उत्तरकाशीला शिकताना रस्त्यापासून तळछावणीपर्यंतचं जे अंतर बाकीचे दोन मिनिटांत कापायचे त्याला तिला तीन तास लागायचे, हे ती स्वतः सांगते. बर्फावर कृत्रिम पाऊल फिरून टाच पुढे आणि बोटं मागे व्हायची, हेही सांगते. भाच्याला काही दाखवायचंच असेल तर ते तीन तास दाखवा. तेही त्याने मागितलं तर.

आणि तिचा दोन वर्षांचा हिशेब सगळ्यांना लावू नका. न्यूझीलंडचे मार्क इंग्लिस १९८२ मध्ये माउंट कुकवर बर्फाच्या गुहेत तेरा दिवस अडकले आणि हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्याच शिखरावर ते २००२ मध्ये परत चढले. वीस वर्षं! मधल्या काळात शिकले, रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनात काम केलं, वाइन बनवली, सिडनीच्या २००० च्या पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगचं रौप्यपदक मिळवलं. २००६ मध्ये एव्हरेस्टवर जाताना ६,४०० मीटरच्या आसपास त्यांचा कार्बन फायबरचा एक पाय मोडला. तो चिकटपट्टीने बांधून त्यांनी वेळ मारून नेली, मग खालून दुसरा पाय मागवला. पुढे ते भाषणं देऊ लागले, पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय मिळावेत म्हणून संस्था काढली. ती चिकटपट्टी मला त्यांच्या शिखराहून जवळची वाटते. कारण कृत्रिम पायाचं आयुष्य असंच असतं, रोज काहीतरी दुरुस्त करत पुढे जायचं.

आता खरी गोष्ट. भाचा पाय घालत नाही म्हणजे त्याची जिद्द संपली, असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं, तो पाय त्याला खुपतोय. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात उरलेला पाय, ज्याला आम्ही स्टंप म्हणतो, बारीक होत जातो. सुरुवातीला घेतलेल्या मापाचं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप बसतो तो वरचा पोकळ भाग, मग सैल होतं, स्टंप त्यात खाली घसरतो आणि टोक टेकतं. नखाखाली काटा गेल्यासारखी कळ येते. माझ्या वेळी हेच झालं. जिथे पाय बसवला तिथे मला "सवय होईल" असं सांगितलं. मी आठ महिने ती कळ सोसली आणि घरच्यांची बोलणीही खाल्ली. दुसऱ्या ठिकाणच्या तंत्रज्ञाने स्टंपवर दोन जाडे मोजे चढवले, खडू लावून कुठे घासतं ते पाहिलं, आणि त्याच दिवशी मी त्यांच्या अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. जिद्द आदल्या दिवशी होती तेवढीच होती.

तेव्हा भाच्याला एवढंच विचारा, "कुठे दुखतं रे?" पाय घालून वीस मिनिटं घरात चालू दे, मग काढून स्टंप आरशात बघू दे. टोकाला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली लाली दिसली आणि दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, तर सॉकेट बदलायला किंवा दुरुस्त करायला हवं. जखम किंवा फोड असेल तर पाय अजिबात घालायचा नाही, आधी डॉक्टर. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. सैनिकांसाठी सुरू झालं, पण नागरिकांनाही तिथे पाय मिळतात. मुंबईत हाजी अलीला भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पैशांची अडचण असेल तर जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून काम करते आणि पाय मोफत बसवते. पहिल्या खेपेलाच काम होईल असं धरू नका, दोन-तीन खेपा होतात. त्याच्याबरोबर एकाने जा, पण तंत्रज्ञाशी त्यालाच बोलू द्या.

आणि घरातलं. रात्री पाय काढलेला असतो. अर्धवट झोपेत माणूस पाय आहे असं समजून उठतो आणि पडतो. मीही पडलोय, कपाटाच्या कोपऱ्यावर, भुवई फुटली. म्हणून कुबड्या खाटेच्या उशाशीच हव्यात, कोपऱ्यात नकोत. वाटेतलं पायपुसणं काढा. मोरीत भिंतीला लोखंडी दांडी बसवून घ्या, गवंडी तासाभरात करतो. बसायला घट्ट पायांचं स्टूल ठेवा, कुबड्यांच्या रबरी टोप्या झिजल्या असतील तर बदला. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी देऊ नका. मायेने सगळेच देतात, पण गुडघा वाकडा राहायची सवय लागते आणि मग पाय बसत नाही.

तो मोरीतून एकटा बाहेर आला की टाळ्या वाजवू नका. चहा टाका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला एका दिव्यांग गिर्यारोहकाला बोलवायचं आहे. काय काळजी घ्यावी? (चिपळूणहून एक शिक्षक)

उत्तर : सर, तुमच्या मंचाला किती पायऱ्या आहेत आणि कठडा आहे का, हे आधी बघा. नसेल तर खाली, मुलांच्या पातळीवरच खुर्ची मांडा. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं, कारण साध्या कृत्रिम पायाचा घोटा वाकत नाही. राजगडाच्या पद्मावती माचीवरून खाली येताना मला चढण्याच्या जवळजवळ दीडपट वेळ लागतो.

मानधन विचारूनच ठरवा. "तुमची प्रेरणाच मोठी" म्हणून मोफत बोलावणं बंद व्हायला हवं. दर तीन-चार वर्षांनी सॉकेट बदलावं लागतं, त्याला पैसे लागतात.

पाहुण्यांची हरकत नसेल तर मुलांना पाय हातात घेऊन बघू द्या. माझ्या एका कार्यक्रमात चौथीतल्या मुलीने विचारलं होतं, "काका, पावसात याला गंज चढतो का?" स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणाचं, म्हणजे लायनरचं काय, मोज्यांचं काय, पाणी आत गेलं तर काय, अर्धा तास आम्ही तेच बोललो. भाषण राहूनच गेलं, आणि मुख्याध्यापिका बाईंनीही शेवटी स्क्रू कुठला लागतो ते विचारून घेतलं.