डेक्कन ट्रॅप: सापळा की जिना?

प्रश्न: सिन्नरजवळच्या शेतातली विहीर आम्हाला खोल करायची आहे. पाहणीच्या अहवालात खडकाचं नाव 'डेक्कन ट्रॅप' असं दिलंय. वडील म्हणतात, खडकात पाणी अडकून राहतं म्हणून सापळा म्हणत असतील. हे बरोबर आहे का?

उत्तर: वडिलांचा तर्क अगदीच वावगा नाही. जमिनीखाली तेल जिथे साठून राहतं, त्या रचनेला भूशास्त्रात ट्रॅप म्हणतात, आणि तिथे अर्थ सापळा हाच. तुमच्या अहवालातला ट्रॅप मात्र निराळा. तो स्वीडिशमधल्या 'ट्राप्पा' या शब्दावरून आलाय, म्हणजे जिना. पायऱ्यापायऱ्यांनी दिसणाऱ्या काळ्या खडकाला १८व्या शतकात तिकडच्या खनिज-अभ्यासकांनी हे नाव दिलं, आणि पुढे ते आपल्या दख्खनलाही लागलं.

माझी सगळी नोकरी भूजलाच्या कामात गेली, पण हा शब्द मला पटला तो अंजनेरीच्या पायथ्याशी. श्रावणातली सर थांबली, ढग वर सरकले आणि डोंगर पट्ट्यापट्ट्यांनी उघडला: काळा उभा कडा, त्यावर गवताची हिरवी पट्टी, परत कडा, परत गवत. त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना आजही मी तिथे थांबतो.

या पायऱ्या झाल्या कशा? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा आला, तोही एकदा नाही, थरावर थर. प्रत्येक थराचं पोट घट्ट, काळं. माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. तुमच्याकडचे विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो हाच. तो लवकर झिजतो, मागे सरतो आणि सपाटी होते. काळा पाषाण कड्यासारखा उभा राहतो. आपल्या किल्ल्यांच्या कितीतरी माच्या अशाच सपाटीवर आहेत.

आता पाण्याचं. एकसंध काळ्या पाषाणात ते फारसं नसतं. ते मिळतं मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून नुसतं खोल जाऊ नका. एप्रिलात पाणी तळाला गेलं की विहिरीची भिंत बारकाईने बघा. काळ्या खडकाखाली गेरूसारखा तांबडा पट्टा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या दिसला, तर तिथे एक थर संपून त्याच्याखालचा जुना थर लागला. ओल कुठल्या सांध्यातून झिरपतेय ते टेपने मोजा आणि मला जरूर कळवा.