बोअरची गाडी बोलावण्याआधी विहिरीत टेप सोडा

प्रश्न (कवठेमहांकाळ तालुका): भूजलवाल्यांच्या पत्रकात तालुक्याची पाणीपातळी वाढली असं छापलंय. माझी विहीर मात्र मार्चमध्येच तळ दाखवते. बोअरवाला म्हणतो, सरकारी नकाशात तुमच्या गटात पाणी आहे, ७०० फूट घ्या. बाग द्राक्षाची आहे. काय करू?

गाडी बोलावू नका.

पत्रक खोटं नाही आणि तुमची विहीरही खोटं बोलत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींत वर्षातून चार वेळा पाणी मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. राज्यभरात अशा सुमारे ३,९०० विहिरी आहेत. आलेला आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून तालुक्याचं चित्र मांडतात. त्यावरून टंचाईचा अंदाज येतो, पाणलोट सुरक्षित आहे की अतिशोषित तेही समजतं. तुमच्या गटाचं उत्तर मात्र त्यात नसतं. आपल्या खडकात एका विहिरीला मांजऱ्यात, म्हणजे मऊ खडकाच्या थरात, झरा लागतो आणि बांधापलीकडची कोरडी निघते, हे तुम्हीही पाहिलंय.

आता नकाशाचं. भूजल संभाव्यतेचे सरकारी नकाशे १:५०,००० प्रमाणावर काढलेत. त्यावर पेन्सिलीचा एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे रानात ५० मीटर. बोअरवाल्याचा एजंट मोबाईलवर दोन बोटांनी नकाशा ताणत नेतो, तुमचं आंब्याचं झाड दिसेपर्यंत. चित्र मोठं होतं, माहिती तेवढीच राहते. हे नकाशे मी रोज वापरतो, चांगले आहेत. पण बोअरचा पॉइंट त्यावरून कोणी काढून देत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाणाड्याच्या नारळालाही तोच न्याय.

आणि ७०० फूट कशासाठी? बोअरवाल्याला पैसे फुटावर मिळतात, पाण्यावर नाही. आपल्याकडे पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या खडकात असतं. खाली अखंड काळा पाषाण. तिथं एखादी फट लागली तर जुनं साठलेलं पाणी येतं, दोन हंगाम चालतं आणि संपतं. ते एका पावसात भरून येत नाही. शिवाय महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ प्रमाणे शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल जायला मनाई आहे, हे एजंट सांगत नाही. एकाच बागेत हाकेच्या अंतरावर सहा बोअर मी पाहिलेत. सहावं चाललं तेव्हा पहिली दोन आटली होती. बागायतदाराला वाटलं सहावं लागलं!

दिवाळीच्या सुमारास तर बोअर अजिबात मारू नका. त्या दिवसांत कुठंही भोक पाडा, ओल दिसते. खरी परीक्षा मे अखेरची.

त्याऐवजी महिन्याच्या पहिल्या तारखेला आपली विहीर मोजा. कठड्यावर रंगाने एक खूण करा, दर वेळी तिथूनच वजन बांधलेला टेप सोडा, कठड्याची उंची वजा करा आणि वहीत लिहा. आदली रात्रभर मोटर बंद हवी. रात्रपाळीची लाईट असलेल्या आठवड्यात मोजाल तर उपशाचा खड्डा मोजाल, पातळी नाही. पुन्हा सांगतो, मोटर चालू असताना घेतलेला आकडा फाडून टाका. तो नसल्यापेक्षा वाईट.

ऑक्टोबरचा आकडा सगळ्यांत मोलाचा. द्राक्षाची खरड छाटणी (नवी काडी आणायची उन्हाळी छाटणी) एप्रिलमध्ये, विहीर तळाला चाललेली असते तेव्हा. तोवर पाणी पुरेल का, ते ऑक्टोबरातच कळतं. ऑक्टोबरात पाणी गेल्या वर्षीपेक्षा खाली असेल तर नवी लावण नको, रब्बीत गव्हाऐवजी हरभरा किंवा ज्वारी घ्या, आणि बागेतल्या आच्छादनाची सोय तेव्हाच करा. एप्रिलात धावाधाव केलीत तर हातात टँकरच उरतो.

योजनांचं थोडक्यात: अटल भूजल या केंद्राच्या योजनेत घेतलेल्या गावाचा जलसुरक्षा आराखडा ग्रामपंचायतीत मागून वाचा. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करा. पूर्वसंमती येईपर्यंत दुकानदाराला एक रुपया देऊ नका.

प्रश्न (पलूस तालुका, नदीकाठ): आयर्विन पुलाला किती फूट झाल्यावर मोटर काढावी?

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण हे आकडे तुमच्या मोटरीसाठी नाहीत, ती त्याच्या कितीतरी आधी बुडते. पुढच्या पावसाळ्यात पाणी तुमच्या मोटरीच्या पायाला लागेल त्या दिवशी आयर्विनचा आकडा बघा आणि स्टार्टरच्या पेटीवर खडूने नव्हे, ऑइलपेंटने लिहा. तोच तुमचा धोका. त्याच्या पाच फूट आधी मोटर काढा. आयर्विन तुमच्या खाली आहे, म्हणून कोयनेचा विसर्ग आणि कऱ्हाडची पातळीही रोज बघा. ‘पाणबुडी मोटर आहे, राहू द्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. केबलचा जोड आणि पेटी पाणबुडी नसते.

प्रश्न (खटाव तालुका): ओढ्याचं पाणी पाइपने थेट बोअरमध्ये सोडलं तर पुनर्भरण होईल का?

नाही. गाळाने फटी बुजतील आणि फवारणीचं, शेणाचं पाणी थेट प्यायच्या पाण्यात जाईल. विहिरीत सोडा, तेही दगड, खडी आणि वाळूच्या गाळण खड्ड्यातून, आणि पहिले दोन-तीन पाऊस वाहून गेल्यावर. गाळणी न बांधता नुसता पाइप विकायला कोणी आला तर तो घेऊ नका. वाळू दर उन्हाळ्यात काढून धुवा.