थ्रिलर मालिकेचा मधलाच एखादा भाग बघून तुम्ही हादरलात, असं झालंय का?

झालंय. शेवटच्या भागाला आपण कुणीतरी जाणार हे धरूनच बसतो, मधल्या भागाला गाफील असतो. ‘ब्रेकिंग बॅड’च्या तिसऱ्या सीझनमधल्या ‘वन मिनिट’ने (२०१०) मला असंच गाफील गाठलं. तेरा भागांतला सातवा, म्हणजे अगदी मधोमध. बघितला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.

हँक हा अमली पदार्थविरोधी खात्यातला अधिकारी. रागाच्या भरात त्याने अमली पदार्थ बनवणाऱ्या जेसी या तरुणाला बेदम मारलंय, चौकशी लागलीय. सहकारी सांभाळून घ्यायला तयार असताना हा खरं ते सांगून मोकळा होतो आणि बिल्ला, पिस्तूल दोन्ही जमा करतो. त्याआधी लिफ्टमध्ये बायकोच्या गळ्यात पडून रडतो, आणि दार उघडायच्या आत चेहरा सरळ. इतके दिवस हा बडबड्या, फुशारक्या मारणारा माणूस मला फारसा आवडत नव्हता. त्या लिफ्टमध्ये आवडला, आणि तिथेच फसलो.

मग पार्किंग. बायकोसाठी फुलं घेऊन तो गाडीत बसलाय आणि फोन येतो : दोघंजण तुला मारायला येतायत, तुझ्याकडे एक मिनिट आहे. कुणाचा फोन, ते मी सांगत नाही, निदान तेवढं तरी तुमच्यासाठी ठेवतो. हँकला आधी वाटतं कुणीतरी थट्टा करतंय. हात सवयीने कमरेकडे जाईल असं आपल्याला वाटतं, पण कमरेला आहे काय! तो आरशात बघतो, आजूबाजूच्या माणसांकडे बघतो, आणि आपणही त्याच्याबरोबर प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घ्यायला लागतो. गोळीबार नंतरचा, तो चांगलाच आहे, पण माझा घसा कोरडा पडला तो या शांत मिनिटात.

शेवटी जखमी हँक जमिनीवर, मारायला आलेल्या दोघा भावांपैकी मार्कोचं पिस्तूल त्याच्यावर रोखलेलं. तो गोळी घालत नाही. ‘फारच सोपं’ म्हणतो आणि गाडीतून कुऱ्हाड आणायला जातो! तेवढ्यात हँकची बोटं खाली पडलेली एक गोळी चाचपतात. ही गोळी याच भागात हत्यारविक्रेत्याने या भावांना भेट म्हणून दिलेली असते. तेव्हा मी तो प्रसंग ‘चला, टाइमपास’ म्हणून सोडून दिला होता.

एक कुरकुर आहे. मार्कोने तिथेच गोळी घातली असती तर खेळ खलास होता, त्यामुळे पहिल्यांदा मला ते लेखकाच्या सोयीचं वाटलं. दुसऱ्यांदा बघताना सुरुवातीचा जुना प्रसंग नीट पाहिला. काका या दोघा लहानग्या भावांपैकी एकाचं डोकं पाण्याच्या टबात दाबून धरतो आणि दुसऱ्याला विचारतो, अजून किती टिकेल, एक मिनिट? कुटुंब हेच सर्वस्व, हे असं शिकवलेलं पोर हँकच्या हातून आधी मेलेल्या चुलतभावाचा सूड एका गोळीत उरकणार नाही, हे आता पटतं. थोडंसं.

पहिल्यांदा बघताना पुढचा भाग लगेच लावता येत होता, तरी लावला नाही. रिमोट हातात धरून नुसता बसलो होतो.