नाचाचं गाणं आणि तेरा टक्के

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही नवरा-बायको ऑस्टिनमध्ये झुंबाला जातो. तिथे हमखास वाजणारं १९९८ सालचं एक स्पॅनिश गाणं आहे. (लिलाव अजून चालू आहे, म्हणून नाव देत नाही.) ते ज्याने लिहिलं त्याचा बीएमआयकडून (गाणी लोकांसमोर वाजली की लेखकांचे पैसे गोळा करून वाटणारी अमेरिकी संस्था) येणारा रॉयल्टीतला हिस्सा विकायला निघालाय. गेल्या बारा महिन्यांची कमाई ६,२०० डॉलर, मागताहेत ४६,५०० डॉलर, मुदत दहा वर्षं. म्हणजे वर्षाला तेरा टक्क्यांहून जास्त! ह्यांचं म्हणणं, एवढं जुनं गाणं आता काय पडणार? बँकेतले पैसे यात घालावेत का?
– एक वाचक, टेक्सस

उत्तर : ते तेरा टक्के आधी डोक्यातून काढून टाका. दहा वर्षं संपली की हिस्सा परत गीतकाराकडे जाणार आणि तुमच्याकडे विकायलाही काही उरणार नाही. तेव्हा दरवर्षी येणाऱ्या ६,२०० मध्ये तुमचंच मुद्दल तुकड्यातुकड्याने परत येतंय. कोकणात आंब्याची बाग खंडाने घेतात, तसला हा व्यवहार : फळं मुदतीपुरती तुमची, झाड नाही.

कागद-पेन्सिल घेऊन बसा. कमाई दहाही वर्षं जशीच्या तशी राहिली तर हातात ६२,००० येतात. वार्षिक परतावा भरतो साडेपाच टक्क्यांच्या आसपास. पहिल्या वर्षापासूनच ती पाच टक्क्यांनी घटत गेली तर सगळी मिळून ४७,२०० च्या थोडी वर. म्हणजे दहा वर्षं पैसे अडकवून सुटले सातशे-आठशे डॉलर, आणि त्यावरही कर. जाहिरातीत ‘साडेसात पट’ (म्हणजे वर्षाच्या कमाईच्या साडेसात पट किंमत) असं सुटसुटीत लिहिलेलं असतं, त्याच्या पोटात हे दडलेलं असतं.

तुमच्या ह्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गाण्याची कमाई पहिल्या काही वर्षांत धडाधड कोसळते, मग सपाट होत जाते. पंचवीस वर्षं टिकलेलं गाणं त्या उतारावरून खाली आलेलं असतं. म्हणून जुनं गाणं नव्यापेक्षा बरं, हे मलाही मान्य. पण ‘सपाट’ कशावरून म्हणायचं? एका वर्षाच्या आकड्यावरून मुळीच नाही. मालिकेत किंवा जाहिरातीत गाणं वाजलं की ते वर्ष फुगतं. परदेशातली रक्कम स्पेनच्या एसजीएई किंवा मेक्सिकोच्या एसएसीएमसारख्या संस्थांमार्फत फिरून येते, कधी वर्ष-दीड वर्ष उशिराने, आणि साचलेली एकदम जमा होते. निदान पाच वर्षांची तिमाही विवरणपत्रं मागा. देत नसतील तर पुढचं वाचूच नका.

मायामीत एका म्युझिक पब्लिशरकडे (लेखकांच्या वतीने गाण्यांचे हक्क सांभाळणारी कंपनी) रॉयल्टीचे हिशेब तपासण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. तेव्हापासूनची माझी सवय : गाण्याचं नाव हाताने झाकायचं आणि हिस्सा कुठला तेवढंच वाचायचं. तुम्ही घेताय तो लेखकाचा ‘परफॉर्मन्स’ हिस्सा. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, स्ट्रीमिंग, जिथे गाणं लोकांसमोर वाजतं तिथला. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. ही तुमच्या हिश्शाची जमेची बाजू. रेडिओ ऐकणारे कमी होताहेत, ही उधारीची. स्ट्रीमिंगमध्ये चित्र उलटं : मोठा वाटा रेकॉर्डिंगच्या मालकाला. लेखक आणि पब्लिशर यांच्यासाठी अमेरिकेतला मुख्य दर सेवेच्या महसुलाच्या १५.१ टक्क्यांवरून (२०२३) २०२७ पर्यंत १५.३५ टक्के होतो, आणि त्यातच परफॉर्मन्स व ‘मेकॅनिकल’ (गाण्याची प्रत काढण्याबद्दलचे पैसे) दोन्ही आले. मेकॅनिकल तुमच्या व्यवहारात दिसत नाही. ते बीएमआय वाटतच नाही. लाखो स्ट्रीम्सचा आकडा दाखवून कुणी भुरळ घालत असेल तर हे आठवा.

लॅटिन गाण्यांचं एक खरं आकर्षण आहे : ती पुन्हा पुन्हा नव्या गाण्यांत शिरतात. बोलिव्हियाच्या लॉस क्यारकास या गटाचं ‘योरान्दो से फुए’ १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं. १९८९ मध्ये काओमाने त्याचीच ‘लांबादा’ केली नि जग नाचलं; २०११ मध्ये जेनिफर लोपेझच्या ‘ऑन द फ्लोअर’मध्ये तीच चाल. मूळ लेखकाला अशा वेळी नव्याने पैसे सुरू होतात. पण ‘लांबादा’वर आधी भलत्याच माणसाचं नाव लागलं होतं आणि मूळ लेखक असलेल्या एर्मोसा बंधूंना न्यायालयात भांडावं लागलं, हेही त्याच गोष्टीत आहे. म्हणून बीएमआयच्या नोंदीत गाण्याला किती लेखक आहेत, हे स्वतः तपासा. तो शोध सगळ्यांना खुला आहे. दोघा-तिघांत वाटणी असेल तर ६,२०० हा एकट्याचा आकडा आहे ना, हेही विचारा.

पब्लिशरचा हिस्सा विकायला असता तर आणखी एक भानगड होती. १९७८ नंतर लेखकाने स्वतः दिलेले हक्क साधारण ३५ वर्षांनी त्याला अमेरिकेपुरते परत मागता येतात, करारात काहीही लिहिलेलं असो. १९९८ चं गाणं म्हणजे २०३३ पासून पुढे, तुमच्या मुदतीच्या आतच. लेखकाच्या हिश्शाला सहसा ती धास्ती नसते. त्याची धास्ती निराळी : या कमाईवर लेखकाने आधीच उचल घेतलेली असू शकते. ती फिटेपर्यंत चेक दुसऱ्याच्या नावाने निघणार. विक्रेत्याच्या राज्यात यूसीसी बोजाचा (तारण ठेवलेल्या मालमत्तेच्या सरकारी नोंदीचा) शोध घ्या आणि ‘यापुढची रक्कम अमुक खात्यात भरू’ असं बीएमआयचं लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे हलवू नका.

आता किंमत. मी असतो तर पाच पटीवर, म्हणजे ३१,००० वर, थांबलो असतो. त्या भावाने दरवर्षी पाच टक्के घट धरूनही नऊ टक्क्यांच्या आसपास सुटतात, आणि दहा वर्षं पैसे मोकळे होत नाहीत त्याची काही भरपाई होते. लिलावात तुमच्यासारखेच गाण्यावर जीव असलेले चार जण असतील तर त्या भावाला मिळणार नाही. नाही तर नाही. खरेदीची रक्कम करातून टप्प्याटप्प्याने कशी वजा होते ते सीपीएला (तिकडच्या सीएला) विचारा, आणि तेही बोली लावण्याआधी.