वाचकांचे प्रश्न : आठ लाइटवेट, एक पिंजरा

प्रश्न : मिश्र मार्शल आर्ट्समधील लाइटवेट गट, म्हणजे 155 पौंडांची (सुमारे 70.3 किलोची) मर्यादा, हा माझ्या मते या खेळातला सर्वांत समृद्ध गट आहे. वेगवेगळ्या काळातील आठ जणांची बाद पद्धतीची स्पर्धा भरवली आणि प्रत्येक जण आपल्या ऐन बहरात उतरला, असे मी नेहमी कल्पितो. माझे आठ जण असे : हबीब नुरमागोमेदोव, इस्लाम माखाचेव्ह, बी. जे. पेन, चार्ल्स ऑलिव्हेरा, टोनी फर्ग्युसन, फ्रँकी एडगर, कॉनर मॅकग्रेगर आणि ताकानोरी गोमी. आपण मानांकन ठरवून ही स्पर्धा शेवटपर्यंत नेऊन दाखवाल का?

उत्तर : आपली यादी मी बदलत नाही. इलिया टोपुरिया हवा होता असे काही वाचक म्हणतील, कारण जून 2025 मध्ये त्याने ऑलिव्हेराला पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट करून या गटाच्या विजेतेपदाचा पट्टा घेतला; परंतु त्याची मोठी कामगिरी खालच्या फेदरवेट गटातली आहे आणि लाइटवेटमधल्या त्याच्या लढती बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हाच निकष काटेकोरपणे लावला तर मॅकग्रेगरही यादीत राहत नाही, हे मला मान्य आहे.

‘ऐन बहरात’ या शब्दांना मात्र वर्ष जोडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण एकच माणूस दोन वर्षांच्या अंतराने अगदी वेगळा लढवय्या झालेला या खेळात वारंवार दिसतो. म्हणून मी गोमी 2005 चा, पेन 2009 चा, एडगर 2010 चा, मॅकग्रेगर 2016 चा, फर्ग्युसन आणि नुरमागोमेदोव 2019 चे, ऑलिव्हेरा 2021 चा आणि माखाचेव्ह 2023 चा धरतो. नियम आजचे प्रचलित एकत्रित नियम. प्रत्येक लढत पाच मिनिटांच्या पाच राउंडची. वजन आदल्या दिवशी. आणि दोन लढतींमध्ये काही महिन्यांचे अंतर. हे सगळे आधीच सांगतो आहे, कारण यातील एक अट बदलली तरी विजेता बदलू शकतो.

मानांकन आपण नावे दिलीत त्याच क्रमाने ठेवतो. नुरमागोमेदोव 29 लढतींत अपराजित राहून निवृत्त झाला, तेव्हा पहिल्या क्रमांकाविषयी वाद नसावा. पहिल्याची जोड आठव्याशी, दुसऱ्याची सातव्याशी, याप्रमाणे जोड्या लावल्या की नुरमागोमेदोवसमोर गोमी, माखाचेव्हसमोर मॅकग्रेगर, पेनसमोर एडगर आणि ऑलिव्हेरासमोर फर्ग्युसन येतो.

गोमीची लढत लवकर आटोपेल. जपानमधील प्राइड स्पर्धेत तो दोरांच्या रिंगणात लढला, तिथे पहिला राउंड दहा मिनिटांचा असे, खाली पडलेल्याला लाथ मारण्याची मुभा होती आणि डोक्यावर कोपर मारण्याला मनाई होती. नुरमागोमेदोवची सारी कला पिंजऱ्याच्या भिंतीवर उभी आहे : तो प्रतिस्पर्ध्याला भिंतीपर्यंत ढकलतो, पट काढतो, आपल्या पायांनी त्याचे पाय जखडतो आणि मनगट धरून ठेवून मोकळ्या हाताने ठोसे लगावत राहतो. दोरांच्या रिंगणात ही भिंतच नसते, त्यामुळे तिथे मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. शिवाय ऑक्टोबर 2003 मध्ये पेनने गोमीला पाठीवरून गळफास लावून हरवले होते, म्हणजे जमिनीवरची त्याची बाजू कुठे उघडी पडते हे आपल्याला ठाऊक आहे.

मॅकग्रेगरला माखाचेव्हविरुद्ध पहिली सहा-सात मिनिटेच मिळतील. नोव्हेंबर 2016 मध्ये एडी अल्व्हारेझला त्याने ज्या डाव्या हाताने वारंवार खाली पाडले, तो हात कोणालाही निजवू शकतो, आणि माखाचेव्हही ऑक्टोबर 2015 मध्ये एड्रियानो मार्टिन्सविरुद्ध पहिल्या राउंडमध्ये नॉकआउट झाला होता. परंतु 2023 चा माखाचेव्ह तेव्हासारखा बेसावध पुढे येत नाही, आणि एकदा पकड बसली की मॅकग्रेगरचे काय होते ते नुरमागोमेदोवने ऑक्टोबर 2018 मध्ये चौथ्या राउंडमध्ये दाखवून दिले आहे.

पेन आणि एडगर यांच्या जोडीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या गटाचा इतिहास सांगताना पेनला झुकते माप देण्याची आपल्या सर्वांनाच सवय आहे. ऑगस्ट 2009 मध्ये केनी फ्लोरियनला गळफास लावणारा आणि डिसेंबरमध्ये डिएगो सांचेझला पाच राउंड अक्षरशः फोडून काढणारा पेन अजिंक्य वाटत होता, यात शंका नाही. पण एडगरने त्याचा पट्टा घेतला तो एप्रिल 2010 मध्ये, म्हणजे त्या विजयानंतर अवघ्या चार महिन्यांनी. तेव्हा पेनचा काळ संपला होता असे म्हणण्याला काही आधार नाही. पहिल्या लढतीच्या गुणांवर वाद झाला आणि तो रास्तही होता, मात्र ऑगस्टमधल्या दुसऱ्या लढतीत पाचही राउंड एडगरचे होते. आत येणे, दोन ठोसे लावून कोन बदलणे आणि पेनचा हात येईपर्यंत तिथून निघून जाणे, हे एडगर पंचवीस मिनिटे न थकता करत राहिला. या गटात घडलेल्या दोन लढतींचा पुरावा समोर असताना केवळ कल्पनेच्या बळावर तिसरीचा निकाल उलटा लावणे मला योग्य वाटत नाही. एडगर पुढे जातो.

ऑलिव्हेरा आणि फर्ग्युसन डिसेंबर 2020 मध्ये प्रत्यक्ष भिडले आणि ऑलिव्हेरा गुणांवर सहज जिंकला. पण तो फर्ग्युसन त्याच वर्षी मे महिन्यात जस्टिन गेथजीचे ठोसे पाचव्या राउंडपर्यंत झेलून आलेला होता. सलग बारा लढती जिंकलेला 2019 चा फर्ग्युसन वेगळा. तो जिंकावा असे मला मनापासून वाटते, कारण मग उपांत्य फेरीत त्याची गाठ नुरमागोमेदोवशी पडेल आणि 2015 ते 2020 या काळात पाच वेळा ठरून पाचही वेळा रद्द झालेली लढत निदान कागदावर तरी होईल. दुखापती, आजार, वजन आणि शेवटी जागतिक साथ, असे प्रत्येक वेळी काही ना काही आडवे आले. तरीही इच्छेखातर निकाल फिरवणे बरे नाही. फर्ग्युसन आपणहून पाठीवर पडून तिथून कोपरांनी लढतो, आणि या आठांमध्ये ज्याच्यासमोर असे करू नये असा कोणी असेल तर तो ऑलिव्हेरा, ज्याच्या नावावर यूएफसी या खेळातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतील सर्वाधिक सबमिशन विजय (म्हणजे गळफास किंवा सांध्यांची पकड लावून हार मानायला लावलेले) आहेत. ऑलिव्हेरा जिंकतो, आणि ती लढत सहाव्यांदा हुकते.

उपांत्य फेरीत नुरमागोमेदोव ऑलिव्हेराला पाडेल, आणि पाठीवर पडलेला ऑलिव्हेरा हाच नुरमागोमेदोवच्या आयुष्यातला सर्वांत धोकादायक क्षण असेल. मायकेल चँडलरविरुद्ध पहिल्या राउंडमध्ये पुरता हादरल्यावर दुसऱ्या राउंडच्या एकोणिसाव्या सेकंदाला लढत संपवणारा हा माणूस हार मानणारा नव्हे. पण ऑक्टोबर 2022 मध्ये माखाचेव्हने नुरमागोमेदोवच्याच शाळेची कुस्ती वापरून ऑलिव्हेराला दुसऱ्या राउंडमध्ये गळफास लावला, तो मार्ग नुरमागोमेदोवलाही खुला आहे. दुसऱ्या बाजूला एडगर माखाचेव्हला वाटते त्याहून जास्त सतावेल. फेब्रुवारी 2023 मध्ये फेदरवेट गटातून वर आलेल्या अलेक्झांडर व्होल्कानोव्स्कीने चपळाई आणि दमसास यांच्या जोरावर माखाचेव्हला पाचव्या राउंडपर्यंत झगडायला लावले होते, आणि एडगरही त्याच घडणीचा आहे. निकाल गुणांवर, माखाचेव्हच्या बाजूने, आणि फार मोठ्या फरकाने नाही.

अंतिम लढत मग रशियातील दागेस्तानमधील एकाच तालमीतल्या दोघांची होते, आणि ते दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहणार नाहीत हे आपण दोघेही जाणतो. हबीबचे वडील अब्दुलमनाप नुरमागोमेदोव यांच्या हाताखाली दोघे वाढले. पुढे हबीब माखाचेव्हच्या कोपऱ्यात मार्गदर्शक म्हणून उभा राहिला. आपल्या स्पर्धेत त्यांना लढवायचेच असेल तर उभ्याने माखाचेव्ह अधिक नेटका आहे, त्याच्या लाथा आणि डावा हात दोन्ही सरस आहेत. नुरमागोमेदोवचा दाब मात्र सुटत नाही; पहिले तीन प्रयत्न फसले तरी चौथ्याला तो त्याच जोराने येतो, आणि व्होल्कानोव्स्कीविरुद्धच्या त्या लढतीच्या अखेरीस माखाचेव्ह पुढे येणाऱ्या माणसासमोर मागे सरकताना दिसला होता. मी नुरमागोमेदोवला गुणांवर विजयी देतो.

प्रश्न : सुरुवातीच्या काळाप्रमाणे ही स्पर्धा एकाच रात्रीत घेतली तर निकाल तोच राहील का?

उत्तर : राहणार नाही, आणि माझ्या मते खरा विचार इथेच करायला हवा. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत वजनी गट नव्हते आणि रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या. तो प्रकार किती बेभरवशाचा होता हे सप्टेंबर 1994 च्या तिसऱ्या स्पर्धेत दिसले : ग्रेसी किमो लिओपोल्डोविरुद्ध जिंकला, पण इतका दमला की पुढची लढत देऊ शकला नाही, आणि राखीव म्हणून आलेला स्टीव्ह जेनम एकच लढत लढून विजेता ठरला. आठ जणांची एका रात्रीची स्पर्धा भरवणाऱ्याने म्हणूनच किमान दहा जण तयार ठेवायला हवेत. जपानमध्ये 2005 साली गोमीने 25 सप्टेंबरला तात्सुया कावाजिरी आणि लुइझ अझेरेडो यांना एकाच रात्री हरवले, परंतु हायातो साकुराईबरोबरची अंतिम लढत तिथल्या आयोजकांनीही 31 डिसेंबरसाठी राखून ठेवली होती.

एका रात्रीत कौशल्याइतकेच महत्त्व कमी मार खाऊन लवकर सुटण्याला येते. कोपराने भुवई फुटली की जिंकलेलाही पुढे जाऊ शकत नाही, म्हणून फर्ग्युसनशी लढून येणारा कोणीही, अगदी विजयी ऑलिव्हेरासुद्धा, उपांत्य फेरीत अर्ध्या ताकदीने उतरेल. याचा फायदा नुरमागोमेदोवलाच होतो, कारण तो फार मार खात नाही.

त्याच्या आड येणारी गोष्ट म्हणजे वजन. आदल्या दिवशी वजन होते तेव्हा लढवय्ये शरीरातले पाणी काढून मर्यादेत येतात आणि चोवीस तासांत बरेचसे परत मिळवतात. मार्च 2017 मध्ये याच प्रयत्नात नुरमागोमेदोवला रुग्णालयात न्यावे लागले आणि फर्ग्युसनबरोबरची लढत आदल्या दिवशी रद्द झाली. आता वजन लढतीच्या दिवशी सकाळीच घेतले, अशी अट घालून पाहा. नुरमागोमेदोव आणि माखाचेव्ह यांना 155 पौंडांवर येऊन त्याच संध्याकाळी तीन लढती देणे जवळपास अशक्य होईल. एडगरला मात्र काहीच करावे लागत नाही. तो या गटाचा विजेता होता तेव्हाही फारसे वजन उतरवत नसे, आणि पुढे तो 145 आणि 135 पौंडांच्या गटांतही लढला. एका रात्रीची, त्याच सकाळच्या वजनाची आणि तीन-तीन राउंडची स्पर्धा असेल तर मी कोणताही आडपडदा न ठेवता एडगरचे नाव घेईन. त्याचा दम, त्याचे पाय आणि मार खाऊनही भानावर राहण्याची त्याची क्षमता या तिन्ही गोष्टींना त्या रात्री किंमत येईल. स्वतःच्या नैसर्गिक वजनात लढणारा माणूस जिंकतो, असा नियमांचा संच मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र एका रात्रीत तीन लढती हा भाग मी त्यातून वगळेन, कारण मेंदूला बसलेला धक्का दोन तासांत भरून निघत नाही.

प्रश्न : बाद पद्धतीत लढत बरोबरीत सुटली तर काय करायचे?

उत्तर : हा प्रश्न याच गटात प्रत्यक्ष उभा राहिला होता. तेव्हाचा विजेता जेन्स पल्व्हर यूएफसी सोडून गेल्यावर रिकाम्या झालेल्या पट्ट्यासाठी चौघांची स्पर्धा घेण्यात आली. पेनने मॅट सेराला आणि काओल उनोने डिन थॉमसला हरवले, आणि फेब्रुवारी 2003 मधील त्यांची अंतिम लढत पाच राउंडनंतर बरोबरीत सुटली. तोड काढण्याची तरतूदच नव्हती. पट्टा कोणालाच मिळाला नाही आणि ऑक्टोबर 2006 मध्ये शॉन शर्कने फ्लोरियनला हरवेपर्यंत तो रिकामाच राहिला.

प्राइडमध्ये तिन्ही पंच संपूर्ण लढतीचा एकत्रित विचार करून एकाचे नाव देत. मला त्यापेक्षा आणखी एक पाच मिनिटांचा राउंड बरा वाटतो, ज्यात पंचांना दोघांना समान गुण देण्याची मुभा नसेल. जानेवारी 2011 मध्ये एडगर पहिल्या राउंडमध्ये ग्रे मेनार्डकडून पुन्हा पुन्हा खाली पडला आणि तरीही शेवटी त्याने लढत बरोबरीत आणली. त्या रात्री सहावा राउंड झाला असता तर अधिक ताजा कोण होता, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते.