वेटोळे फिरत का नाही?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांनी सेल, दोन सेफ्टी पिना आणि जुन्या स्पीकरचे चुंबक घेऊन विद्युत मोटार केली. वेटोळ्यासाठी एकाने जळालेल्या मोनोब्लॉक पंपातली तार आणली होती. तिची टोके घासून लख्ख केली, तरी वेटोळे नुसते थरथरते आणि सेल तापतो. दोष कशात असावा? विहिरीवरची मोटारही अशीच चालते का, असेही मुले विचारतात.

उत्तर : पहिला दोष तारेत आहे. वायंडिंगची तार उघडी भासली तरी तिच्यावर इनॅमलचा पातळ लेप असतो आणि वेढे एकमेकांना चिकटलेले असूनही विद्युतधारा प्रत्येक वेढ्यातून फिरून जाते, ती या लेपामुळेच. मोटार जळते म्हणजे मुख्यतः हा लेप जळतो. मग वेढे जिथे टेकतील तिथून धारा आडवाटेने निघून जाते आणि बल नावापुरते उरते. रिवायंडिंगच्या दुकानातून नव्या तारेचा उरलेला तुकडा मागावा. 24 गेजच्या आसपासची दीड-दोन मीटर तार पुरते. सबमर्सिबलची प्लॅस्टिक चढवलेली तार मात्र घेऊ नये, कारण तिचे टोक एकाच बाजूने सोलणे जमत नाही, आणि इथे सारी गोम त्यातच आहे.

दोन्ही टोके चहूबाजूंनी घासली, तर अर्ध्या फेरीत वेटोळ्याला एका दिशेने रेटा मिळतो आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत उलट दिशेने. म्हणून ते थरथरत राहते. एक टोक पूर्ण घासावे. दुसऱ्यासाठी वेटोळे टेबलाच्या कडेला उभे धरावे, टोक टेबलावर टेकवावे आणि पॉलिश पेपरने फक्त वरची बाजू घासावी. आता अर्धी फेरी धारेच्या जोरावर होते, उरलेली गतीच्या जोरावर. पाठ्यपुस्तकातील चलित्रात, म्हणजे मोटारीत, दुभंगलेले कडे धारेची दिशा उलटवते, इथे ती नुसती तोडली जाते, हा फरक मुलांना अवश्य दाखवावा. दोन्ही टोके एका सरळ रेषेत हवीत आणि सुरुवातीला बोटाने हलका धक्का द्यावा.

वेटोळ्याचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असल्याने सेल तापणारच. वेटोळे थांबताच ते उचलून ठेवावे. 1.5 व्होल्टचा साधा सेलच वापरावा, मोबाइलची किंवा मोटारसायकलची बॅटरी कदापि नको.

विहिरीवरची थ्री-फेज मोटार वेगळ्या तत्त्वावर, म्हणजे प्रवर्तनावर चालते. बाहेरच्या वेढ्यांतील प्रत्यावर्ती धारेमुळे चुंबकीय क्षेत्रच फिरत राहते, ते आतल्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, धारा निर्माण करते आणि रोटर त्या क्षेत्रामागे धावतो. रोटरला तारेने वीज पोहोचवावी लागत नाही. त्यामुळे फिरत्या भागाला टेकून वीज पोहोचवणारे ब्रश मुलांना पंपात सापडणार नाहीत, ते बंद पडलेल्या मिक्सरमध्ये शोधावेत, अर्थात प्लग काढून.