घरातल्या लहान माश्या वाढून मोठ्या माश्या होतात का?

नाही, पंख आलेली माशी पुढे वाढत नाही, त्यामुळे घरात दिसणारी लहान माशी हे मोठ्या माशीचे पिल्लू नसते. घरमाशीची सारी वाढ अळीच्या अवस्थेतच होते. मादी शेणात, उकिरड्यावर किंवा कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यात एका वेळी साधारण ७५ ते १५० पांढरी, लांबट अंडी घालते. उबदार हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात, त्यांतून निघालेल्या बिनपायाच्या अळ्या दोनदा कात टाकत सुमारे ४ ते ७ दिवसांत पूर्ण वाढतात आणि मग कोरड्या जागी सरकून कोषात जातात. या कोषाची रचना खरोखर विलक्षण आहे: अळीची शेवटची कातडीच आकसून, कडक आणि तांबूस-तपकिरी होऊन त्याचे कवच बनते, आणि काही दिवसांनी आतली माशी डोक्यावरील फुगणाऱ्या पिशवीच्या दाबाने त्याचे टोक फोडून बाहेर येते. एकदा तिचे बाह्यकवच कठीण झाले की ती पुन्हा कात टाकत नाही, म्हणून आकारही वाढत नाही. मात्र अळीला अन्न अपुरे मिळाले असेल, तर घरमाशी मुळातच लहान निपजते. तेव्हा केवळ आकारावरून जात ठरवू नये. करडे अंग आणि पाठीवर चार उभे काळे पट्टे असतील तर ती घरमाशी. पिकलेल्या केळ्यांभोवती फिरणारी, जेमतेम ३ मिलिमीटरची, लाल डोळ्यांची माशी बहुधा ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या फळांवर येणारी वेगळ्याच जातीची छोटी माशी असते.